खोंडाचे दात आणि पोरीचं डोकं

पाटी-दप्तर | साप्ताहिक सदर

पौष पौर्णिमेच्या जत्रेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला गेलो. खांबलिंगेश्वराचं दर्शन झालं आणि पाय आपसूक बैलबाजाराकडे वळले. एक शेतकरी खोंडाचा ओठ वर करून दात बघत होता. मग खूर, वशिंड, शेपूट. चार पावलं चालवूनही पाहिलं. त्याच्या सातवीतल्या मुलीचं लक्ष मात्र पलीकडच्या सौद्यावर होतं. रुमालाखाली दोघांची बोटं चाललेली, भाव कुणालाच दिसत नव्हता. ती म्हणाली, "बाबा, मघाशी पाच बोटं धरली, आता चार. कोपर बघा ना त्याचं."

"जास्त शानी नको बनू," बाप खेकसला.

मला त्याचा राग आला नाही. बैल पारखायला त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. पोरीची बुद्धी कशी पारखायची, हे त्याला सांगणार कोण? शाळेतही गणित आधी संपवून शेजाऱ्याच्या खोड्या काढणारं, 'असंच का?' म्हणून मास्तरांना भंडावणारं पोर आगाऊच ठरतं. हुशार म्हणजे पहिला नंबर, एवढीच आपली व्याख्या.

प्रज्ञावंत मुलांचा वेगळा विचार व्हावा म्हणून आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभी केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अशा मुलांची दखल घेतली आहे. पण माळशेज घाटापलीकडचं पुणे आणि दिल्लीचं धोरण म्हशाच्या आईबापाला लांबच. त्यांना आधी हवा असतो तो वेळेवर सांगणारा माणूस.

एनएमएमएस शिष्यवृत्तीचंच घ्या. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमतेचा एक पेपर आणि शालेय विषयांचा एक. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. फॉर्म शाळाच भरते. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. म्हणजे आठवीत गेल्यावर कळून उपयोग नाही, सातवीतच कळायला हवं. सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यामुळे आश्रमशाळेतल्या हुशार आदिवासी मुलाची वाट निराळी. त्याच्यासाठी सहावीपासूनच्या एकलव्य निवासी शाळेची प्रवेश परीक्षा आहे. तिची चौकशी शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात करायची. हे सगळं जाहीर आहे, गुपित काहीच नाही. तरी वाडीवर पोचेपर्यंत तारीख उलटून जाते.

म्हणून एक सुचवतो. या जत्रेला मुरबाड-शहापूरची झाडून सगळी गावं लोटतात. घोंगड्यांच्या दुकानांशेजारी शिक्षकांनी एक टेबल मांडावं. कुठल्या इयत्तेला कुठली परीक्षा, कुठला दाखला, एवढंच सांगावं. आणि 'आगाऊ' पोरांच्या आईबापांना खाली बसवून, तुमचं पोर वाया गेलेलं नाही, हेही सांगावं.

खोंडाचा सौदा जुळल्यावर मी त्या बापाशी बोललो. "लिहून द्या सर," म्हणत त्यानं खोंडाची पावतीच पुढे केली. तिच्या पाठीवर मी परीक्षेचं नाव, सातवीचे टक्के आणि उत्पन्नाचा दाखला, असं तीन ओळींत लिहून दिलं. पावती बापाच्या हाती पडायच्या आत पोरीनं घेतली, वाचली आणि विचारलं, "सर, पेपर मराठीत असतो ना?"

– गावमास्तर