लेडीज डबा : बातमीतला आणि आमचा

८ मार्च जवळ आला की वर्तमानपत्रांना मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा आठवतो. मटार सोलणाऱ्या बाईचा फोटो आणि खाली तिच्या 'तारेवरच्या कसरती'चं कौतुक. एरवी हा डबा बातमीत येतो तो झिंज्या ओढून झालेल्या भांडणामुळे. मी वर्षानुवर्षं याच डब्यातून ये-जा करते. या दोन चित्रांत मला आमचा डबा काही सापडत नाही.

मे १९९२मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली 'लेडीज स्पेशल' सुरू केली. बायकांसाठी अख्खी गाडी! कौतुक झालं, पण मागोमाग प्रश्नही आला आणि तो आजतागायत येतो: 'समानता हवी ना, मग वेगळा डबा कशाला?' जनरल डब्यात पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात, भजनं होतात. नाक्यावरचा कट्टा, पानाची टपरी, तालीम यांबद्दल कुणी असं विचारत नाही. सगळा गावच ज्यांची बैठक, त्यांना वेगळी जागा मागावी लागत नाही.

मटार गाडीत सोलावे लागतात, कारण घरी पोचताच दुसरी पाळी सुरू होते. त्या घरातले पुरुष तेव्हा काय करत असतात, हे फोटोखाली कधीच छापून येत नाही.

नवरा मारतो, हे आमच्यातल्या एकीने पहिल्यांदा सांगितलं ते आईला नाही, डब्यातल्या मैत्रिणींना. दुसऱ्या दिवशी दोघी तिच्याबरोबर मधल्याच स्टेशनवर उतरल्या आणि वकिलाकडे गेल्या. मोकळं बोलता येईल अशी तिची ती एकच जागा होती.

अर्थात, आपणही स्वतःला तपासायला हवं. पाटी घेऊन चढणाऱ्या कोळणीवर 'लगेजच्या डब्यात जा' म्हणून खेकसतो त्या आपणच. तृतीयपंथी व्यक्ती आली की अंग चोरतो त्याही आपणच. डबा बायकांचा खरा, पण कोणकोणत्या बायकांचा?

मैत्रिणींनो, येत्या ८ मार्चला वर्तमानपत्रांना पत्रं लिहू या. गुलाब घेतलेल्या बायकांचे फोटो पुरे झाले. स्टेशनवरच्या बायकांच्या संडासाला कुलूप का असतं, याची बातमी छापा म्हणावं.