फुकट आहे, वापरा की!

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या. एवढ्यावर फुलंब्रीतला कोणताही शिक्षक त्रिकोण ताठ का उभा राहतो आणि चौकोन लुळा का पडतो, हे पाच मिनिटांत दाखवू शकतो. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत वर्षानुवर्षं खेळणी घडवलेल्या अरविंद गुप्तांनी असे ढीगभर प्रयोग आणि मराठी पुस्तकंही नेटवर मोफत ठेवली आहेत. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचाचे क्यूआर कोड तर बालभारतीच्या पानांवरच छापलेले असतात.

इतिहासाची मात्र पंचाईत. संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणारा रस्ता फुलंब्रीवरूनच जातो. तरी १८१९मध्ये जॉन स्मिथच्या नजरेस पडलेल्या त्या लेण्यांवर वर्गात चालेल असं सोपं, मोफत मराठी साहित्य हुडकावं लागतं. ते या तालुक्यातल्याच शिक्षकांनी का लिहू नये? आम्ही छापू.