न दिसणारा पाया

आमच्या नातवानें गेल्या उन्हाळ्यांत सुटे भाग आणून संगणक स्वहस्तें जुळविला. दर्शनी भागांवर सढळ हातानें खर्च केला. काटकसर केली ती वीजपुरवठ्याच्या पेटींत. तिच्यावर ‘५०० वॅट’ छापलेलें पाहून तो निश्चिंत झाला. महिन्याभरांत पेटी जळाली आणि माझी तीस वर्षांची संस्कृत टिपणें जिच्यांत होतीं, ती हार्ड डिस्कही तिच्याबरोबर गेली.

घरांतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह निर्माण करणें, हें या पेटीचें कार्य. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर पोसतात. म्हणून एकूण आंकड्यास न भुलतां १२ व्होल्टवर किती वॅट मिळतात, तें लेबलावर वाचावें. सर्व भागांची गरज २५० वॅट भरली, तर ४५० ते ५५० वॅटची पेटी पुरे. दाब वाढल्यास वा शॉर्टसर्किट झाल्यास ती आपोआप बंद पडते ना, हेंही विचारावें. २००४ सालीं सुरू झालेली ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमता सांगते. सुरक्षिततेची हमी देत नाहीं.

वाचकहो, आमच्या तासगांवच्या गणपतीचें सात मजली गोपुर सारे मान वर करून पाहतात. पायाकडे कोणाचें लक्ष जातें? दुसरी पेटी नातवानें हिशेब मांडून आणली. टिपणें मात्र मी जुन्या वह्यांतून पुनः उतरवीत आहें. पुष्कळ वह्या आतां उरल्या नाहींत.