सुटलेला रियाज पुन्हा जुळतो

बंगळूरच्या मल्लेश्वरम किंवा जयनगरात संध्याकाळी फेरफटका मारला, तर एखाद्या घरातून वीणेचे, तर एखाद्या घरातून व्हायोलिनचे सूर कानी पडतात. मुलगी दहावीला, म्हणजे तिथल्या ‘एसएसएलसी’ला गेली, की ते सूर थांबतात. ‘परीक्षा झाली की पुन्हा सुरू कर,’ असं आई म्हणते. मग पीयूसी येतं, कॉलेज येतं, लग्न होतं आणि वाद्य गवसणीसकट माळ्यावर जातं. पंधरा वर्षांनी ते खाली काढलं, तर बोटं अडखळतात. ‘आता काय उपयोग?’ म्हणत ते पुन्हा वर चढतं.

पण शिकलेलं सगळं खरंच पुसलं जातं का?

नाही. खंड पडला की आधी जातो तो वेग. बोटांच्या टोकांवरचे घट्टे मऊ पडतात, त्यामुळे तार टोचू लागते. नुकतीच शिकलेली, न मुरलेली रचनाही लवकर विसरते. मात्र वर्षानुवर्षं घोटलेले पलटे, बोटांची वळणं आणि सुराची जाण खोलवर टिकून राहते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरल्यासारखं वाटणारं पाठांतर दुसऱ्यांदा करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्यांना आढळलं. वाद्याच्या बाबतीतही अनुभव असाच आहे. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत पडलेला खंड जास्त महाग पडतो, दहा वर्षांच्या तालमीनंतरचा तितका नाही.

शिक्षणाची वाट सरळच असावी लागते, असंही नाही. बंगळूरला 1932 मध्ये जन्मलेले सरोदवादक पंडित राजीव तारानाथ आधी गायक होते. सरोदकडे ते वळले ते विशीत, उस्ताद अली अकबर खाँ यांचं वादन ऐकल्यावर. पुढे त्यांनी इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केली आणि अनेक वर्षं प्राध्यापकी केली. गुरू अमेरिकेत स्थायिक झाले, तरी शिकणं थांबलं नाही. पन्नाशीच्या सुमारास नोकरी सोडून त्यांनी स्वतःला सरोदला वाहून घेतलं. 2009 मध्ये खाँसाहेबांचं निधन होईपर्यंत ते शिष्यच राहिले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये, वयाच्या 91व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

प्रत्येकाला इतकं साधत नाही, पण पुन्हा सुरुवात करणं कुणालाही जमू शकतं. आधी गंजलेल्या तारा बदलून घ्याव्यात. पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवावं, तेही ओळखीचं आणि संथ लयीत. मनगट किंवा खांदा दुखू लागला, तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवावं. सर्वांत मोठा अडसर असतो तो जुन्या स्वतःशी केलेल्या तुलनेचा. ‘पूर्वी मी झाला किती जलद वाजवायचे,’ हा विचार महिनाभर तरी बाजूला ठेवावा.

आणि ज्या घरात यंदा दहावी आहे, तिथे वाद्य माळ्यावर टाकूच नये. अभ्यासातून उठून आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं वाजवल्यानं गुण कमी होत नाहीत. उलट परीक्षा संपल्यावर मुलीला नव्यानं सुरुवात करावी लागत नाही, थांबली होती तिथून ती पुढे जाते.