'फी माफ' ऐकून लगेच पोराची बॅग भरू नका

"पोरगा चांगला खेळतो. फी माफ, राहायची सोय आमची, बाकी तुम्ही काळजी करू नका."

बारावीचा निकाल लागला की आपल्या रत्नागिरी, संगमेश्वर, चिपळूण पट्ट्यातल्या कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या घरी मुंबईहून असे फोन सुरू होतात. कुणीतरी सर रात्रीची स्पर्धा बघून गेलेले असतात, पोराची चढाई त्यांच्या डोळ्यात भरलेली असते. घरात आनंद, वाडीत चर्चा, आणि आठ-दहा दिवसांत पोरगा मांडवी एक्सप्रेसमध्ये. (गाडीचं नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून, आपल्या मांडवीवरून नाही. पण पोरं आपली घेऊन जाते.)

मंडळी, पोराला पाठवूच नका असं मी म्हणत नाही. मुंबईत स्पर्धा वरच्या दर्जाची, सराव मॅटवर, आणि रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अशा संघांची नजर तिथल्याच मैदानांवर असते. कोकणातल्या कित्येक घरांत पहिली पगाराची नोकरी कबड्डीने आणलेली आहे. म्हणूनच हा निर्णय घाईत घेण्यासारखा नाही. आपण म्हैस घेताना दूध काढून बघतो, चार जणांना विचारतो. आणि पोराची तीन वर्षं मात्र एका फोनवर देऊन मोकळे होतो.

कॉलेज बघायला गेलात की आधी चषकांचं कपाट दाखवतात. कपाट बघा, कौतुक करा. आणि मग विचारा, की हे चषक ज्यांनी जिंकून दिले ती पोरं आज कुठे आहेत? माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच. त्याच्या पोटात आणखी पाच प्रश्न आहेत.

१. फी माफ म्हणजे नक्की काय? शिक्षण शुल्क माफ असेल, पण परीक्षा फी, खानावळ, बूट, प्रवास याचं काय? माफी एका वर्षाची की पदवी पूर्ण होईपर्यंत? दुसऱ्या वर्षी संघातून नाव गेलं तर खोली सोडावी लागेल का? हे सगळं कॉलेजच्या कागदावर, प्राचार्यांच्या सहीने मागा. सरांचा शब्द खरा असेलही, पण सर बदलून गेले तर त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

२. गेल्या पाच वर्षांत खेळाडू म्हणून किती पोरं घेतली आणि त्यातली किती पदवीधर झाली? आपल्याकडे ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. सकाळ-संध्याकाळ सराव आणि हंगामात स्पर्धांमागून स्पर्धा, मग पोरगा वर्गात बसणार कधी? बुडालेली प्रात्यक्षिकं भरून कोण काढून देणार? 'आम्ही बघून घेतो' हे उत्तर चालणार नाही. कसं बघता, ते विचारा.

३. गुडघा गेला तर? कबड्डीत पकड होताना गुडघा पिरगळतो, आतला लिगामेंट तुटतो. ऑपरेशनचा खर्च खासगी रुग्णालयात लाखांच्या घरात, आणि परत मैदानात उतरायला साधारण नऊ महिने. म्हणजे कॉलेजचा अख्खा हंगाम गेला. विमा कोण काढतं? व्यायाम करून घ्यायला फिजिओ आहे का? आणि त्या नऊ महिन्यांत फीमाफी चालू राहते का?

४. संघात त्याची जागा कुठे? मैदानात सात, संघात बारा. तुमचा पोरगा डावा कोपरा खेळत असेल आणि त्या जागेवर आधीच तिघे असतील, तर तो दोन वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवणार. सरांना स्पष्ट विचारा. चांगला प्रशिक्षक खरं सांगतो. जो सगळ्यांच्याच पोरांना 'पहिल्या दिवसापासून खेळवतो' म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा.

५. प्रमाणपत्र कुठलं मिळणार? राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी १ जुलै २०१६ चा शासन निर्णय बघावा. कुठली स्पर्धा धरतात आणि कुठल्या पदाला किती वरची कामगिरी लागते हे ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. फ्लेक्सवर आमदार-खासदारांचे फोटो असलेल्या 'भव्य दिव्य' स्पर्धेत मोटारसायकल जिंकता येईल, पण तिथलं प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडेलच असं नाही. कॉलेज पोराला अधिकृत स्पर्धांत उतरवतं की नुसतं मैदानं मारायला फिरवतं, हे बघा.

'पण प्रो कबड्डी आहे ना!' असं कुणीतरी म्हणणारच. आहे. २०१४ पासून आहे, आणि २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त मिळाले. आता साधा हिशेब करा. संघ १२. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू धरले तरी झाले ३००. त्यात हरियाणा आला, तमिळनाडू आला, इराणचेही आले. ३०० जागांसाठी सगळा देश खेळतोय. स्वप्न बघावं, पण पोराची पदवी त्या स्वप्नावर पणाला लावू नये.

कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवा. शिक्षक वडिलांनी त्याला २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. साधारण वर्षभराच्या तयारीनंतर त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. पण मध्य रेल्वेतली नोकरी त्याला २०१५ सालीच लागली होती, हे किती जणांच्या लक्षात आहे? पदकाच्या आधी नऊ वर्षं घरात पगार येत होता, म्हणून तो एवढा काळ टिकू शकला. खेळाडूला आधी पायाखाली जमीन लागते.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे मोठा धंदा आहे, आणि तिथेही पालक याच चक्रात सापडतात. बेसबॉलचं उदाहरण घ्या. अगदी वरच्या गटातल्या कॉलेजांनाही २०२४-२५ पर्यंत एका संघासाठी ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या बऱ्याच पोरांत वाटता येत. म्हणजे 'शिष्यवृत्ती मिळाली' म्हणून घरी पेढे वाटले, तरी बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच. पण त्या देशाने १९९० साली एक कायदा केला. खेळासाठी आर्थिक मदत देऊन मुलाला बोलवायचं, तर अशा मुलांपैकी किती जण पदवी पूर्ण करतात याचे आकडे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना द्यावे लागतात. हा कायदा पुढे रेटणाऱ्यांत बिल ब्रॅडली आणि टॉम मॅकमिलन हे स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले खासदार होते. आत काय चालतं ते त्यांना माहीत होतं.

आपल्याकडे काय? नॅकच्या मूल्यांकनात कॉलेजला खेळातली पदकं मोजून दाखवावी लागतात. ती पदकं आणणारी पोरं पदवीधर झाली का, हे वेगळं कुणी विचारत नाही. जे मोजलं जातं त्याचीच काळजी घेतली जाते.

माझी मागणी एवढीच आहे. खेळाडू म्हणून प्रवेश देणाऱ्या प्रत्येक कॉलेजने दरवर्षी चार आकडे संकेतस्थळावर टाकावेत: किती घेतले, किती पदवीधर झाले, किती मध्येच गेले, किती जखमी झाले. विद्यापीठाने ते सक्तीचं करावं. आपल्या लोकप्रतिनिधींनी स्पर्धांची उद्घाटनं करतात तेवढ्याच उत्साहाने हा विषय विधिमंडळात मांडावा. तोपर्यंत अनुदानित कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात हेच विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे, गाडीचं तिकीट काढायच्या आधी टाका.

आणखी एक. मुंबई विद्यापीठाचा टी-शर्ट अंगावर चढवायला मुंबईतच राहावं लागतं असं नाही. रत्नागिरीतली बरीच कॉलेजं त्याच विद्यापीठाची आहेत आणि विद्यापीठाच्या संघाचा रस्ता इथूनही जातो. इथे मॅट कमी, चुरस कमी, हे खरं. पण पोरगा अजून कच्चा असेल, तर घरचं जेवून एक-दोन वर्षं तयार होऊन जाण्यात कमीपणा नाही. आणि हेच पाच प्रश्न इथल्या कॉलेजांनाही विचारायचे. आपली म्हणून सूट नाही.

तुमच्या ओळखीत यंदा असा फोन आलेलं घर असेल, तर ही पोस्ट त्यांना पाठवा. पाच प्रश्न कागदावर लिहा, पोराला शेजारी बसवा आणि सरांना फोन लावा. जे कॉलेज उत्तरं देईल, तिथे खुशाल पाठवा. जे चिडेल, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.