चासी बाहेर आलीच आहे, तर...

पिकअपची अख्खी चासी बदलायचे काम आपल्या गॅरेजांत क्वचितच येते. अमेरिकेत टोयोटाच्या डीलरांकडे मात्र काही वर्षे ते नेहमीचे होऊन बसले होते. तिकडच्या थंड राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरतात. त्या खारट चिखलाने टॅकोमा पिकअपच्या चासी सडल्या. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. २००५ ते २०१० च्या टॅकोमा, २००७-०८ च्या टुंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्या तिच्या कक्षेत आल्या. गंजाने १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे भोक पडलेले दिसले, तर चासी कंपनीच्या खर्चाने बदलून मिळणार होती. एका गाडीमागे हा खर्च १५ हजार डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज होता.

चासी नवी मिळाली, तरी गाडी जुनीच राहते. हौदा उतरलेला, केबिन वर उचललेली, इंजिन-गिअरबॉक्स बाहेर. अशा वेळी आणखी काय करून घ्यावे, हा प्रश्न मालकाला आणि मिस्त्रीला एकदमच पडतो. आमच्या मते पार्ट किती जुना आहे हे नंतर पाहावे. तो पुन्हा काढायला किती तास लागतील, हे आधी पाहावे.

या हिशेबाने पहिला नंबर ब्रेक आणि इंधनाच्या पाइपांचा. ते चासीच्या कडेने जातात आणि चासी सडली असेल तर क्लिपांखाली तेही सडलेले असतात. नट सोडताना पाइप पिळून तुटतो, म्हणजे निम्मे पाइप तसेही बदलावेच लागतात. उरलेले निम्मे जपण्यात शहाणपण नाही. तांबे-निकेलचा पाइप घ्या. वाकवायला सोपा, गंजायला अवघड. हँडब्रेकच्या केबलीही याच वेळी बदला. हौदा चढल्यावर मागच्या पाइपाला हात घालणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

दुसरे, पुढच्या खालच्या आर्मचे अलाइनमेंटचे बोल्ट. ते बुशच्या नळीत असे जाम होतात की गॅस कटरशिवाय निघत नाहीत. आर्म काढतानाच हे कळते, म्हणून बुश आणि बोल्टांचा संच आधीच मागवून ठेवा. जुनाच जाम बोल्ट नव्या चासीवर गेला तर गाडीचे अलाइनमेंट कधीच बसणार नाही, आणि टायर एका बाजूने झिजले की ग्राहक दोष नव्या चासीला देईल. बुश बसवताना एक पथ्य पाळा. गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण वजन आल्यावरच बोल्ट शेवटच्या टॉर्कला घट्ट करा. चाके लोंबकळत असताना आवळलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नव्या बुशची बदनामी अशीच होते.

मागच्या कमानींबद्दल टॅकोमाचाच दाखला आहे. २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत २००५ ते २०११ च्या सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा परत बोलावल्या. ताण आणि गंज यांमुळे पाटा तुटून इंधनाच्या टाकीला लागण्याचा धोका होता. तेव्हा चासी बदलताना पाट्यांच्या मधल्या फटी बारकाईने पाहा. शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट मात्र नवेच घाला. यू-बोल्ट एकदा ताणला की पुन्हा वापरू नये, यात आम्हाला तडजोड मान्य नाही.

क्लचचे गणित सरळ आहे. गिअरबॉक्स वेगळा होणारच असेल, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील यांत फक्त पार्टची किंमत पडते. बॉडी माउंटची रबरे, ॲक्सलची सीले, डिफरन्शियलच्या ब्रीदरचा पाइप, टाकीचे पट्टे हेही याच खात्यात. टाकीतला पंप चांगला असेल तर राहू द्या, फक्त त्याचे सील बदला.

वॉटर पंप, अल्टरनेटर, प्लग, फॅनबेल्ट ही कामे बॉनेट उघडून केव्हाही होतात. चासीच्या बिलात ती घुसडू नयेत.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम म्हणजे नव्या चासीच्या पोकळीत आतून मेण फवारणे. जोडणीच्या आधी आतला प्रत्येक कोपरा उघडा असतो. नंतर नळी घालून अंदाजाने मारावे लागते. पाणी निघण्याची भोके मात्र बुजवू नका. अर्थिंगच्या जागचा रंगही खरवडून काढा, नाहीतर ताज्या रंगावर बसवलेली अर्थिंगची तार पुढे इलेक्ट्रिशियनचा आठवडा खाते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण ससून डॉक, हर्णै, मिरकरवाड्यावरून मासळी भरणाऱ्या पिकअपांच्या चासीवर बर्फाचे खारे पाणी ठिबकतच असते. तिथे सहसा पट्टी वेल्ड करून भागवतात. चासी बदलायचीच ठरली, तर आरटीओची परवानगी आधी घ्या, कारण नोंदणी चासी नंबरावर असते.

गॅरेजवाल्यांना आमची विनंती एवढीच. अंदाजपत्रक दोन टप्प्यांत द्या: एक कामाआधी, दुसरे सगळे सुटे झाल्यावर, फोटोंसह. ग्राहकाचा होकार लेखी घ्या. आणि गाडी सोडल्यावर हजार किलोमीटरच्या आत तिला परत बोलावून यू-बोल्ट आणि बॉडी माउंटचे टॉर्क तपासा. त्याचे पैसे लावू नका.