सहलीच्या पिशवीतील औषध

दिवाळीची सुट्टी संपली, की पेण-रोह्याकडील शाळांत सहलींचे बेत सुरू होतात. आई-वडील नोकरीपायी पनवेल-मुंबईकडे धावत असल्यामुळे नातवंडांची पिशवी पुष्कळदा आजी-आजोबाच भरतात. म्हणून आजचा विषय मुद्दाम आपल्यापुढे ठेवत आहे.

काही वर्षांपूर्वी रोह्याजवळच्या गावातील एक आजी सातवीतल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाला फेफऱ्याचा, म्हणजे आपण ज्याला आकडी किंवा फिट म्हणतो, तो विकार होता. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांमुळे दोन वर्षे झटका आला नव्हता. मुक्कामाच्या सहलीला निघताना आजींनी गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या आणि बजावले, "कोणाला दाखवू नको, पोरं हसतील." नातवाने आज्ञा पाळली. भरल्या खोलीत पुडी काढायचा धीर न झाल्याने रात्रीची गोळी राहिली, त्यात गप्पांमध्ये जागरण झाले. पहाटे झटका आला. शिक्षकांना काहीच ठाऊक नव्हते. कोणी कांदा हुंगवला, कोणी दातांत चमचा घातला. मूल सावरले, पण पुढचा एक दात तुटला.

"मी त्याच्या भल्यासाठीच सांगितलं होतं, डॉक्टर," आजी म्हणाल्या. त्यांच्या मायेविषयी मला शंका नव्हती. परंतु चुकलेली गोळी आणि अपुरी झोप ही दोन्ही झटक्याला निमंत्रण देतात, आणि लपवलेला आजार वेळ आली की सर्वांना असहाय करतो.

तेव्हा सहलीच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. एका कागदावर मुलाचे नाव, वजन, आजार, औषधाचे नाव, मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी असल्यास ती, पालकांचा व डॉक्टरांचा फोन क्रमांक लिहून द्या. गोळ्या सुट्या न देता मूळ पाकिटातच द्या, म्हणजे नाव व मुदत वाचता येते. प्रवास लांबला तर हाताशी असावीत म्हणून दोन दिवसांची औषधे जास्त ठेवा. ती एकाच शिक्षकाच्या ताब्यात असावीत. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात हवा. मधुमेही मुलाजवळ साखर किंवा ग्लुकोज असावे. त्याचे इन्सुलिन एसटीच्या टपावर किंवा डिकीत ठेवू नये. ते उन्हापासून जपावे आणि बर्फालाही थेट लावू नये.

आणखी एक विनंती. आपल्या स्वतःच्या गोळ्या नातवंडांच्या औषधांपासून दूर ठेवा. मधुमेहाची एखादी गोळी चुकून मुलाच्या पोटात गेली, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

फिट आलीच, तर मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा लगेच पुन्हा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे चार शब्दही त्याच कागदावर लिहा.

तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा सहलीला गेला. आजींनी या वेळी पुडी बांधली नाही. त्या चिठ्ठी घेऊन शाळेत गेल्या. रात्री आठ वाजता सरांनी त्याला हाक मारली, गोळी दिली आणि वेळेवर झोपायला पाठवले. कोणी हसले नाही.